माणूस आला की नळी खाली

सिंगापुरात पुंगोलच्या आमच्या ब्लॉकमध्ये काही लोक माझ्या सासूबाईंना अजूनही ‘गन आंटी’ म्हणतात. त्या लिफ्टमध्ये शिरल्या की हेच लोक मोबाइलमध्ये डोकं खुपसतात. हे नाव ज्यांनी पाडलं त्यांना बंदूक कशाशी खातात हे ठाऊक नाही, आणि जिला पाडलं तिच्याइतकी जपून बंदूक धरणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. मला राग आवरत नाही म्हणून हे लिहिते आहे. आवरायचा विचारही नाही.

सासूबाईंचं नाव सुलेखा. लोणंदजवळ त्यांची पोल्ट्री होती. सासरे निशिकांत इथे सेम्बावांगच्या शिपयार्डात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. वर्षाकाठी एकदा सुट्टीवर घरी जायचे. बाकीचं वर्ष कोंबड्या, कामगार, खाद्याच्या गाड्या आणि शाळेत जाणारा प्रतीक, म्हणजे आताचा माझा नवरा, हे सगळं सासूबाईंच्या एकटीच्या अंगावर. त्याबद्दल त्यांनी कधी कुणाकडे रडगाणं गायलेलं मी ऐकलं नाही.

पोल्ट्रीचा खरा वैरी म्हणजे घूस. शेडच्या जमिनीखालून बिळं करत यायची आणि पिल्लं ओढून न्यायची. विष ठेवावं तर कोंबड्यांच्या पोटात जायची भीती, आणि पिंजरे तर घुशींनी कधीच ओळखले होते. मग सासूबाईंनी पुण्याहून छऱ्याची बंदूक आणवली, वर दुर्बीण बसवली आणि माळावर डबे मांडून नेम धरायला शिकल्या. गावात चार दिवस चर्चा झाली, पण बाई बधल्या नाहीत. पंचाईत एवढीच, की घूस यायची अंधार पडल्यावर. बॅटरी लावली की ती पसार, आणि उजेडाने बिथरलेल्या कोंबड्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरून मरायच्या. घुशीने नेल्या असत्या त्यापेक्षा जास्त.

त्यावर सासऱ्यांनी सिंगापूरहून एक यंत्र नेलं. दुर्बिणीला जिथे आपण डोळा लावतो, त्या मागच्या टोकावर ते बसवायचं. त्याच्या पुढे कॅमेरा, मागे इवलासा पडदा, वर इन्फ्रारेडचा दिवा. तो उजेड कोंबडीला कळत नाही, घुशीलाही कळत नाही, पडद्यावर मात्र सगळी शेड राखाडी रंगात लख्ख दिसते. मूळ दुर्बीण हलवावी लागत नाही, त्यामुळे दिवसा बसवलेला नेम अंधारातही तसाच राहतो. या जातीची महागडी यंत्रंही मिळतात. हे त्यातलं अगदी स्वस्तातलं होतं आणि स्वस्तातल्या वस्तूचं जे होतं तेच त्याचंही झालं: प्लास्टिकचं कडं ढिलं, यंत्र डुगडुगायचं आणि पडद्यावर अर्ध्या भागात काळी सावली पडायची. पुढच्या सुट्टीत सासऱ्यांनी माप घेतलं, परत येऊन साहेबाला विचारून यार्डातल्या लेथवर ॲल्युमिनियमची एक रिंग काढली, आतून फेल्टची मऊ पट्टी चिकटवली. रिंग अशी घट्ट बसली की यंत्र आणि दुर्बीण एकजीव झाली.

आता एक गोष्ट सांगते, ती पुढे लागणार आहे. रिंग घेऊन सासरे घरी आले त्याच आठवड्यात सासूबाई शेडच्या दाराशी पोत्यावर बंदूक टेकवून बसल्या होत्या. पडद्यावर खाद्याच्या गोणींमागे काहीतरी गोल, करडं हलताना दिसलं. एवढी मोठी घूस त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. नेम धरला. पण पडद्यावर अंतराचा अंदाज येत नाही, आणि मांजर की घूस हे तोंड वळवल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्या थांबल्या. आणि ती घूस शिंकली. सासरेबुवा कुणाला न सांगता पाण्याची नळी दुरुस्त करायला वाकले होते!

हा किस्सा घरात हसत सांगितला जातो. सासूबाई मात्र त्यावर कधी हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. समोर माणूस आला, किंवा आला असं नुसतं वाटलं, तरी नळी खाली. पावलं लांब जाईपर्यंत जमिनीकडेच. मागे काय आहे ते कळल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. लग्नानंतर मी हौसेने ती बंदूक हातात घेतली तेव्हा पहिला धडा मला हाच मिळाला, आणि मी बंदूक हातात घेऊन वळले म्हणून ओरडाही खाल्ला.

सासरे गेले. गुडघ्यांनी दगा दिला तशी सासूबाईंनी पोल्ट्री परेशला विकली. परेश शेजारचाच. बंदूक आणि दुर्बीण त्यालाच दिली. यंत्राचा पडदा मात्र तोवर गेला होता, बंद यंत्र त्याला नको होतं. मग आपल्या लोकांचा जो ठाम विश्वास असतो, की जगात कुठेच दुरुस्त होत नाही ते सिंगापूरला होतं, त्या विश्वासाने त्यांनी ते साडीत गुंडाळून इथे आणलं. सिम लिमच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका म्हाताऱ्या चिनी अंकलनी खरोखरच नवा पडदा बसवून दिला. मी म्हटलं, “आई, बंदूक तिकडे, दुर्बीण तिकडे. हे इथे घेऊन करणार काय?”

“रिंग ह्यांच्या हातची आहे,” त्या म्हणाल्या. विषय संपला.

यंत्राला काम मात्र मिळालं. आमच्या ब्लॉकखाली मुलांची घसरगुंडी आहे, तिच्या मागे झुडपांचे वाफे. माझी मुलगी ईशा रोज तिथे खेळते, तिच्या बिस्किटांचा अर्धा चुरा तिथेच सांडतो. सासूबाईंनी आठवड्याभरात ओळखलं. ताजी उकरलेली माती, भिंतीकडेने गेलेला तेलकट पट्टा.

“प्रतीक, खाली उंदीर आहेत. लहानसहान नव्हेत.”

“आई, हे लोणंद नाही,” प्रतीक म्हणाला. “इथे सगळं स्वच्छ असतं.”

ब्लॉकची देखभाल बघणाऱ्यांच्या ॲपवर मी तक्रार टाकली. एक माणूस भर दुपारी येऊन पाहून गेला आणि काही आढळलं नाही असं कळवलं. भर दुपारी! सासूबाई हसल्या. म्हणाल्या, मारायचे नाहीत, नुसते दाखवायचे आहेत ना, मग दाखवते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दिवेलागणीला त्या कॉरिडॉरमध्ये स्टूल टाकून बसायला लागल्या आणि कठड्याच्या फटीतून यंत्र खालच्या वाफ्याकडे धरायला लागल्या. त्यात रेकॉर्डिंगची सोय आहे, कार्डावर सगळं साठतं. बंदूक नाही, दुर्बीण नाही, हातात फक्त मुठीएवढी काळी नळी. स्वस्तातल्या इन्फ्रारेड दिव्याचा एक दोष असतो, समोरून पाहिलं तर त्यात बारीकसा लाल ठिपका दिसतो. घुशीने तो कधी मनावर घेतला नाही. माणसांनी घेतला.

आमच्याच मजल्यावर उल्का राहते. पुण्याची, गोड बोलणारी, संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून दिवाळी पहाटेपर्यंत सगळ्यांत पुढे. त्या संध्याकाळी ती लिफ्टमधून बाहेर आली आणि थबकली.

“अय्या काकू, हे काय?”

सासूबाईंचा एक भाबडा समज आहे, की मराठीत बोललेलं घरातच राहतं. इंग्रजीत कुणी विचारलं असतं तर त्या नुसत्या हसल्या असत्या. मराठी ऐकलं आणि मन मोकळं केलं. “अगं, हे बंदुकीच्या दुर्बिणीला लावतात. अंधारातलं दिसतं.” घुशींचंही सांगितलं, शेडचंही सांगितलं. उल्काने ऐकून घेतलं, कौतुक केलं, फोटो काढला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो फोटो ब्लॉकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. शेजारी इंटरनेटवरून काढलेलं दुसरं चित्र: तेच यंत्र, एका भल्या मोठ्या रायफलवर बसवलेलं. खाली उल्काचा इंग्रजी मजकूर. कुणावर आरोप नाही, पण हा बंदुकीचा भाग आहे असं त्या स्वतः म्हणाल्या, ब्लॉकमध्ये लहान मुलं आहेत, सगळ्यांना माहीत असावं एवढंच. घुशींबद्दल एक अक्षर नाही! पाच मिनिटं घुशींवर बोललेली बाई, आणि मजकुरात घूसच नाही. मग काय, राईचा पर्वत व्हायला वेळ लागला नाही. एकाने लाल लेझर पाहिला होता. दुसरीच्या खिडकीवर तो रोखलेला होता. तिसऱ्याने पोलिसांना कळवलंसुद्धा.

मी तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये होते. प्रतीकने आधी वाचलं आणि त्याची पाचावर धारण बसली. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज आत आहे. त्या दिवसांत तो रस्ता ओलांडतानासुद्धा कुणी बघतंय अशा थाटात ओलांडायचा. त्याने आईला फोन केला नाही. मला केला नाही. त्याने ग्रुपवर लिहिलं, की आईच्या वतीने मी सर्वांची मनापासून माफी मागतो, ती वयस्कर आहे, खेड्यातली आहे, तिला इथल्या गोष्टी समजत नाहीत, ती वस्तू आजच टाकून देण्यात येईल.

तिला समजत नाहीत! जिने एकटीने पोल्ट्री चालवून याला इंजिनियर केला, तिला.

मी धावतपळत घरी पोचले तर प्रतीक माझ्या आधी येऊन बसलेला. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि फडताळाकडे पाहून म्हणाल्या, “माझं यंत्र कुठंय?”

“चूटमध्ये टाकलं,” प्रतीक म्हणाला. आमच्या कॉरिडॉरच्या टोकाला कचऱ्याची चूट आहे. झाकण उघडून पिशवी सोडली की तळमजल्यावरच्या कचऱ्याच्या खोलीत पडते.

“मला न विचारता?”

“आई, लोकांनी पोलिसांना कळवलंय. उद्या अर्ज नाकारला तर? आपण इथे पाहुणे आहोत, तेवढं लक्षात ठेवून राहायला लागतं.”

“मी काय केलं ते तरी विचारलंस?”

“तू काही केलं नाहीस गं. पण लोकांना तसं वाटतंय ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बेल वाजली. दारात एक तरुण पोलीस अधिकारी बाई. सरळ सांगते, त्या अख्ख्या दिवसात सासूबाईंशी माणसासारखं वागलेली ती पहिली व्यक्ती. बूट काढून आत आली, सासूबाईंसमोर बसली आणि माझ्यामार्फत विचारलं, “आंटी, काय झालं ते तुम्हीच सांगा.” सासूबाईंनी सगळं सांगितलं. बंदूक भारतात आहे, इथे छर्रासुद्धा नाही, आणि हे बंदुकीलाच लावायचं यंत्र आहे हेही. लपवायचं काय होतं त्यात?

“ते बघू शकते का मी?” अधिकारी म्हणाली.

प्रतीकने चूटबद्दल सांगितलं. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. “सर, काही चुकीचं नव्हतं, तर टाकलं का?”

आईला वाचवायला म्हणून त्याने जे केलं होतं, त्यानेच ती गुन्हेगार दिसायला लागली होती. मी भांडून जे त्याला सांगणार होते ते एका अनोळखी बाईने एका वाक्यात सांगितलं, आणि तेही आवाज न चढवता.

आम्ही सगळे खाली गेलो. सफाईच्या सुपरवायझरने कचऱ्याची खोली उघडली. प्रतीकने ऑफिसच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि डब्यात हात घातला. माशांची डोकी, डायपर, काय काय बाजूला करून त्याने पिशवी शोधून काढली. यंत्राचा पडदा फुटला होता. पुढच्या टोकाला रिंग जशीच्या तशी, एक ओरखडाही नाही. सासूबाईंनी ती पदराने पुसली. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकी दिवसभर आलं नव्हतं.

कार्ड शाबूत होतं. व्हॉइड डेकवर, म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलावर मी लॅपटॉप उघडला आणि आम्ही बघायला लागलो.

राखाडी वाफा, राखाडी घसरगुंडी. मग झुडपाखालून एक मोठा थोरला उंदीर आला, मागून दुसरा, डोळे पांढरे चकाकत. सुपरवायझर तोंडातल्या तोंडात काही तरी पुटपुटला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. वाफ्याजवळ एक माणूस कुत्रा घेऊन आला आणि चित्र एकदम खाली गेलं. पडद्यावर कॉरिडॉरची फरशी आणि सासूबाईंच्या चपला. बराच वेळ नुसत्या चपला. मग चित्र वर, वाफा, उंदीर. दोन मुली घसरगुंडीकडे आल्या, पुन्हा चपला. समोरच्या ब्लॉकमध्ये कुणी खिडकीशी आलं असावं, चौकटीच्या कडेला नुसती हालचाल दिसली, आणि पुन्हा चपला. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये एकाही माणसाचा चेहरा नव्हता.

शेवटी लिफ्टचा आवाज आला. चपला. आणि स्वच्छ मराठीत उल्काचा आवाज, “अय्या काकू, हे काय?” बंदुकीचं, घुशींचं, शेडचं सगळं संभाषण. “बापरे, म्हणजे तुम्ही ईशासाठी हे करताय! किती मस्त दिसताय हो काकू, एक फोटो काढू?” आणि सासूबाईंचा आवाज, “काढ की. त्यात काय विचारतेस?”

मी ते शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. जरा मोठ्यानेच सांगितलं, म्हणजे लिफ्टपाशी उभं राहून न ऐकल्यासारखं करणाऱ्यांनाही ऐकू जावं.

अधिकारी म्हणाली, “आंटी, माणूस आला की तुम्ही दर वेळी कॅमेरा खाली करता. का?”

सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. म्हणजे भाषा कळली नाही असं नव्हे, मी सांगितलंच होतं. यात विचारण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना. “माणूस आला ना,” त्या म्हणाल्या. “मग नळी खालीच.”

अधिकारी बाईने सगळं लिहून घेतलं. असली वस्तू आणण्याआधी इथले नियम विचारून घ्यावेत, असं समजावलं, ते रास्तच होतं. यंत्र तपासायला नेलं, पावती दिली. सासूबाईंनी रिंग तेवढी मागितली, ती तिने स्वतः फिरवून काढून त्यांच्या हातावर ठेवली. उंदरांचं चित्रण पुढे पाठवते म्हणाली, आणि पाठवलंही, कारण पुढच्या आठवड्यात पिंजरे घेऊन माणसं आली. या वेळी भर दुपारी नाही.

आम्ही वर आलो. ग्रुपवर उल्काने लिहिलं होतं, गैरसमज दूर झाला, छान झालं, खाली जोडलेल्या हातांचं चित्र. गैरसमज! जणू तो आपोआप पावसासारखा पडला होता.

प्रतीक आंघोळ करून आला, खुर्चीत बसला. “सुटलो बाबा,” म्हणाला. “झालं ते झालं.”

सासूबाई रिंगवर बारीक कापड फिरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “प्रतीक, माझी माफी परत आण.”

“काय?”

“तू माझ्या नावाने माफी मागून आलास. मी मागितली नव्हती. ती परत आण.”

“आई, आता कशाला उकरून काढायचं? सगळ्यांना कळलंय.”

“कळलंय, तर लिहायला काय जातंय?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम कुकरकडे पाहिलं. कधी कधी बायकोने नवऱ्याच्या मदतीला न धावणं हेच बरं. त्याने फोन घेतला. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, मोठ्याने वाच, आणि मराठीत सांग.

“माझ्या आईच्या वतीने मी माफी मागितली होती,” प्रतीक वाचायला लागला. “तिने काहीही चूक केलेली नव्हती. तिला न विचारता मी ते लिहिलं. ती माफी मी मागे घेतो. माफी तिची मागायला हवी, आणि पहिली मी मागतो आहे.” त्याने पाठवलं. उत्तरं आली तीही सांगते: तीन अंगठे, बाकी शांतता. उल्काचा अंगठा त्यात नव्हता. ती आजही लिफ्टमध्ये मला “कशी आहेस गं?” विचारते आणि मी मजल्यांचे आकडे बघते.

प्रतीक सासूबाईंच्या पायाशी जमिनीवर बसला. “चुकलं माझं, आई. आधी ते रेकॉर्डिंग बघायला हवं होतं.”

सासूबाईंनी रिंग कापडात गुंडाळली, गाठ मारली आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

“रेकॉर्डिंग कशाला बघायला हवं होतं?” त्या म्हणाल्या. “मी होते ना घरात.”